मोडेपर्यंत चालवायचं की आधीच बदलायचं?

गेल्या अंकात मी ह्याच पानावर सहज लिहून गेलो की मशिनं अचानक बिघडली असं आपण म्हणतो खरं, पण त्यातली बरीचशी दोन-तीन महिने आधीपासून आवाज करून, गळून, तापून सांगत असतात, आणि आपण तिकडे दुर्लक्ष करून रेडिओचा आवाज वाढवतो. झालं, मेसेजांचा पाऊस पडला, नंदेसरीच्या कारखान्यांपासून बडोद्यातल्या दांडिया बाजारापर्यंत सगळ्यांकडे काही ना काही झिजतंय. म्हणून ह्या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत, हळूहळू झिजणारे पार्ट कधी बदलायचे आणि त्याचा प्लॅन कसा करायचा. नावं कुणाचीच छापत नाही, कारण एकाने स्पष्टच लिहिलंय की काका, आमचे शेठ हे मासिक वाचतात.

प्रश्न : काका नमस्कार. नंदेसरीला आमचं छोटं केमिकल युनिट आहे, तिथल्या एका ट्रान्सफर पंपाचं मेकॅनिकल सील (शाफ्टपाशी द्रव गळू न देणारा भाग) सारखं जातं. गेलं की बॅच अडकते, माल वाया जातो, रात्रीचा फिटर बोलवायला लागतो, सगळं धरून २२ हजारांचा खड्डा. तेच दिवसा ठरवून बदललं तर सील २,५०० आणि मजुरी नि अलाइनमेंट (पंप आणि मोटर एका रेषेत आणणं) १,५००, म्हणजे ४ हजारांत काम होतं. पार्टनर म्हणतो चालतंय तोवर चालू दे, चांगलं सील कशाला फेकायचं. सीलवाला म्हणतो दर ३ महिन्यांनी बदला. मागची १० सीलं किती महिने टिकली ते रजिस्टरमध्ये आहे : ७, ९, १०, ११, ११, १२, १३, १३, १४, १६. अजून एक, ड्राइव्हचं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीचं) कार्ड पण ५ वेळा गेलंय, २, १९, ५, ३१ आणि १ महिन्याने, तेही ठरवून बदलत जाऊ का?

उत्तर : आधी तुमचं रजिस्टर जो कोणी लिहितो त्याला माझ्यातर्फे एक चहा पाजा. मला आलेल्या पत्रांमध्ये एवढे सरळ आकडे फक्त तुमचेच आहेत, बाकीच्यांचं सगळं "मधूनमधून जातं", "लवकर जातं" असलंच.

आता कागद घ्या. पार्टनरचं ऐकलं तर काय होतं? १० सीलं मिळून ११६ महिने चालली, दहाही वेळा २२ हजार गेले, म्हणजे २ लाख २० हजार भागिले ११६, महिन्याला १,८९७ रुपये. सीलवाल्याचं ऐकलं तर दर ३ महिन्यांनी ४ हजार, म्हणजे महिन्याला १,३३३, वर त्याची विक्री वाढते ती वेगळीच. आता मधलं बघू. ६ महिन्यांनी बदलायचं असं ठरवलं असतं तर ह्या दहातलं एकही त्याआधी गेलं नसतं, महिन्याला ६६७ पडले असते. ८ महिने ठरवलं असतं तर ७ वालं आधी गेलं असतं, म्हणजे एक वेळ २२ हजार आणि नऊ वेळा ४ हजार, ५८ हजार भागिले ७९ महिने, ७३४ रुपये. १० महिन्यांना ७९२ येतात, आणि १२ ला एकदम १,२०४ वर उडी, कारण तोपर्यंत निम्मी सीलं आधीच गेलेली असतात.

ह्यात मला सर्वात कामाची गोष्ट वाटते ती म्हणजे खालचा भाग किती सपाट आहे. ५ महिने धरले तर ८००, १० धरले तर ७९२, मधे कुठेही उभे रहा, फरक महिन्याला फार तर दोन-अडीचशेचा. लोक इथे डोकं फोडत बसतात की बरोबर आकडा ६.३ का ६.८, अहो दहा सीलांच्या हिशोबातून असला आकडा निघतच नाही आणि निघाला तरी त्याने काही बदलत नाही. तेव्हा सोय बघा. तुमच्याकडे दिवाळी ते लाभपाचम प्लांट बंद असतोच ना, एक बदली तेव्हा, दुसरी अक्षयतृतीयेच्या सुमारास दिवस ठरवून. सहा-सहा महिने होतात, वेगळं शटडाऊन फक्त एकच घ्यावं लागतं.

पण त्याआधी एक करा. ते ७ महिन्यांवालं सील झिजून गेलं की जळून गेलं, हे फिटरला विचारा. सीलमध्ये दोन रिंगा एकमेकीवर घासत फिरतात, बहुतेक वेळा एक कार्बनची आणि दुसरी सिलिकॉन कार्बाइडसारख्या कडक मालाची, आणि मधे द्रवाचा जेमतेम मायक्रॉनभर पापुद्रा. झिजून गेलेल्याचा कार्बन गुळगुळीत, बसका झालेला दिसतो. कोरडं चालून गेलेलं असेल तर रिंगेवर बारीक तडे, ओ-रिंग कडक होऊन पापडासारखी मोडते. तसं असेल तर ते झिजण्याच्या यादीतून काढून टाका, तो सक्शन व्हॉल्व अर्धा उघडणाऱ्या ऑपरेटरचा प्रश्न आहे, सील बदलून तो सुटायचा नाही. आणि ते काढलं तर ८ महिन्यांचा प्लॅन सुद्धा महिन्याला ५०० मध्ये बसतो.

पंप उघडलाच आहे तर कपलिंगचा (मोटर नि पंप जोडणाऱ्या भागाचा) रबर स्पायडर पण त्याच वेळी बदला, भले त्याच्यात अजून चार महिन्यांचा जीव असेल. स्पायडर तीनशे रुपयांचा, पण तो एकटा गेला तर पुन्हा १,५०० ची मजुरी आणि पुन्हा अलाइनमेंट. उघडण्याचाच खर्च मोठा असतो तेव्हा शेजारच्या स्वस्त पार्टाचं उरलेलं आयुष्य सोडून द्यायचं, त्यात उधळपट्टी नाही. बेअरिंगला मात्र, आवाज नसेल आणि तापत नसेल तर, उगीच हात लावू नका. का ते खालच्या प्रश्नात येतंच आहे.

ड्राइव्हच्या कार्डाचं गणित वेगळं आहे. २, १९, ५, ३१, १, ह्यात वयाचा काही संबंध दिसतो का? नवं कार्ड महिन्यात गेलं आणि जुनं अडीच वर्षं चाललं. अशा पार्टाला ठरवून बदलणं म्हणजे चालत्या कार्डाच्या जागी कदाचित उद्याच जाईल असं कार्ड बसवणं. एक कार्ड कपाटात स्पेअर ठेवा आणि जाण्याचं कारण शोधा, अर्थिंग, व्होल्टेज, पॅनेलमधली धूळ, तुमच्याकडे हवेत ॲसिडची वाफ असते तीही बघा. त्यातल्या त्यात ड्राइव्हमधला पंखा आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ह्यांना खरंच वय असतं, कपॅसिटरचं तर साधारण १० अंश जास्त तापला की आयुष्य निम्मं होतं असं धरतात, आणि मे महिन्यात बंद पॅनेलमधे बडोद्याचं ऊन काय करतं ते मी सांगायला नको. पॅनेलची जाळी साफ ठेवा, पंखा ठराविक वर्षांनी बदला, कार्ड राहू द्या.

प्रश्न : रावपुऱ्यात आमचा जुना छापखाना आहे, वडिलांच्या वेळेपासून. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावती पुस्तकं. मशिनची दर तीन महिन्यांनी पूर्ण सर्व्हिसिंग करून घेतो, पैशाला मागेपुढे बघत नाही. पण मी पाहिलंय की सर्व्हिसिंग झाली की आठ-दहा दिवसांत हमखास काहीतरी मोडतं. मेकॅनिक म्हणतो योगायोग. बायको म्हणते नजर लागते. तुमचं काय म्हणणं?

उत्तर : नजर मेकॅनिकचीच लागते, आणि स्पॅनरसकट.

गंमत सोडा, ह्यावर दुसऱ्या महायुद्धात मोठं काम झालंय. ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडची विमानं समुद्रावर पाणबुड्या शोधत फिरायची आणि त्यांना दर ५० तासांच्या उड्डाणानंतर ठरलेली तपासणी होती. तिथे वॉडिंग्टन नावाचा एक माणूस होता, मूळचा जीवशास्त्रज्ञ, गर्भाची वाढ कशी होते ह्यावर काम करणारा, त्याला आणि त्याच्या टीमला बिघाडांची यादी तपासायला बसवलं. अपेक्षा काय, की तपासणीनंतर बिघाड कमी आणि पुढची तपासणी जवळ येईल तसे वाढत जाणार. निघालं बरोबर उलटं. तपासणीनंतर लगेच बिघाड सर्वात जास्त आणि मग तास जातील तसे कमी कमी होत गेलेले. म्हणजे चांगलं चालणारं काहीतरी उघडून, हलवून, परत बसवताना बिघडवलं जात होतं. हे आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. मला त्यात आवडतं ते हे की मेकॅनिक लोकांना ते दिसलं नव्हतं, कोंबडीच्या अंड्यातले गर्भ बघणाऱ्याला दिसलं.

तुमच्या मशिनवर हे कसं होत असणार? एक उदाहरण मी डोळ्यांनी बघितलंय, आमच्या प्लांटमधलंच. सर्व्हिसिंगला आलेला मुलगा ग्रीस गन लावतो आणि दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहतो, त्याला वाटतं जितकं जास्त तितकं चांगलं, मालक पण खूश की कंजुशी केली नाही. बेअरिंगच्या घरात मोकळ्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत ग्रीस हवं. गच्च भरलं की गोळ्या ग्रीसमध्ये पोहायला लागतात, घुसळून तापतात, ग्रीसमधलं तेल सुटतं, आणि आठ दिवसांनी जो आवाज सुरू होतो त्याला आपण म्हणतो बेअरिंग जुनं झालं होतं. त्यात ग्रीस वेगळ्या जातीचं असेल तर विचारूच नका, दोन ग्रीस मिसळून ताकासारखं पातळ झालेलं मी हातात घेतलंय.

तेव्हा "पूर्ण सर्व्हिसिंग" हा शब्दच डायरीतून काढा. यादी करा, कशाला खरंच झीज आहे : रोलर, ग्रिपर, पट्टे, चेन. त्यातलं मोजता येतं ते मोजा. रोलरचा कडकपणा मोजायचं छोटं घड्याळ मिळतं, प्रत्येक वेळी तारखेसह लिहून ठेवा, रबर कडक होत चाललंय ते दोन-तीन आकड्यांतच कळेल. ज्याला कारण नाही ते उघडू नका. ज्याला हात लावला त्याची नोंद करा, आणि मेकॅनिक दाराबाहेर पडायच्या आधी त्याच्यासमोर पाचशे कागद छापून बघा, रिकामं मशिन फिरवून नाही, खरा जॉब लावून.

आणि वेळ चुकतेय तुमची. दर तीन महिन्यांनी म्हणजे एक सर्व्हिसिंग नेमकी तुळशीच्या लग्नाच्या तोंडावर पडत असणार, पत्रिकांची झुंबड सुरू होते तेव्हाच. मोठं काम चातुर्मासात काढा, लग्नं नसतात, छापखाना थंड असतो, जे काही बिघडायचं ते श्रावणात बिघडू दे म्हणजे निस्तरायला वेळ मिळतो.

प्रश्न : कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे (कुणी होत नव्हतं म्हणून). सात मजले, एक लिफ्ट, पाणी चढवायचे दोन पंप, एक चालू एक राखीव. लिफ्टवाला दर महिन्याला येऊन कार्डावर सही करून जातो. खजिनदार म्हणतात सही आहे ना, झालं मेंटेनन्स, आणि दोर बदलायचा खर्च नामंजूर करतात. मागच्या उन्हाळ्यात चालू पंप जळला आणि राखीव पंप सुरूच झाला नाही, दोन दिवस टँकर. २०२४ च्या पुरात दोन्ही पंप पाण्याखाली होते, सुकवून चालू केलेत. ह्याला प्लॅन म्हणायचं का?

उत्तर : नाही. सही म्हणजे माणूस येऊन गेल्याचा पुरावा, दोराचा नव्हे. खजिनदारसाहेबांना दुखवू नका, त्यांचाही मुद्दा आहे, कारण लिफ्टवाला "बदला" एवढंच म्हणतो आणि आकडा देत नाही, मग कोण पैसे काढेल? पुढच्या वेळी तो आला की त्याला चार गोष्टी लिहून द्यायला सांगा. दोराची जाडी व्हर्नियरने, तीन ठिकाणी. दोर १३ मिलिमीटरचा असेल तर १२.२ च्या आसपास आला की आयुष्य संपलं असं समजा, साधारण ६ टक्के घट हा मापदंड वापरतात. दुसरं, दोराच्या एका पूर्ण पिळात किती बारीक तारा तुटल्यात. तिसरं, दोरावर लालसर भुकटी दिसते का, ती दिसली तर आतल्या तारा एकमेकींवर घासून कोरड्या गंजतायत, बाहेरून दोर कितीही चकचकीत दिसो. चौथं, पुलीच्या खाचा किती खोल झाल्यात, कारण झिजलेल्या खाचेत नवा दोर टाकला तर तो वर्षा-दोन वर्षांत खलास. हे चार आकडे दर सहा महिन्यांनी लिहिलेत की दोन वर्षांत खजिनदारांना स्वतःच सरळ रेष दिसेल आणि दोर कधी लागणार, किती महिने आधी वर्गणी काढायची हे ते तुम्हाला सांगतील. आणि बदलाल तेव्हा सगळे दोर एकदम. एक नवा आणि तीन जुने घातले तर ताण सारखा वाटला जात नाही, नवा मरतो. गिरणीच्या व्ही-बेल्टचं पण तेच, सेट म्हणजे सेट.

पंपांकडे या. राखीव पंपाची झीज कुणाला दिसत नाही हीच त्याची अडचण. तो मेलेला आहे हे तुम्हाला तेव्हाच कळतं जेव्हा दुसराही मेलेला असतो. उभा राहून शाफ्ट गंजतो, ग्लँडची (शाफ्टभोवती गळती अडवणारी) दोरी सुकून आवळून बसते, बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी दाबल्या जातात. वॉचमनला सांगा दर रविवारी सकाळी अर्धा तास राखीव पंप चालवायचा, त्याचा ॲम्पियर वहीत लिहायचा. पण एक दिवस हा एक दिवस तो असं अगदी निम्मं-निम्मं वाटू नका, खूप सोसायट्या करतात, ऐकायला न्याय्य वाटतं, आणि मग दोन्ही पंप एकाच वयाचे, सारखेच झिजलेले, एकाच उन्हाळ्यात एका आठवड्याच्या अंतराने बसतात. एकाला जास्त चालवा, एकाला कमी, म्हणजे एक जाईल तेव्हा दुसऱ्यात जीव असेल.

पुराचं म्हणाल तर विश्वामित्री नदीचं पाणी ही झीज नाही, तो धक्का आहे, त्यापुढे वहीतले महिने कामाचे नाहीत. मोटर सुकवून, मेगर लावून इन्सुलेशन बरं आलं असेल तर वाइंडिंग वाचली, पण बेअरिंगमध्ये गाळाचं पाणी जाऊन ग्रीस धुतलं गेलंय, ती अजून बदलली नसतील तर ह्या महिन्यात बदला, आवाज येवो न येवो. वर मी छापखान्यातल्या भावांना म्हणलं की उगीच उघडू नका, इथे म्हणतोय उघडा, कारण इथे कारण आहे. आणि पंप पुढच्या पावसाळ्याच्या आत दोन फूट वर उचलून बसवता आले तर बघा, गवंड्याचा दोन दिवसांचा खर्च.

प्रश्न : सर, मी युनिव्हर्सिटीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट डिटेरिओरेटिंग सिस्टिमच्या, म्हणजे हळूहळू झिजणाऱ्या मशिनांच्या, मेंटेनन्सवर आहे. आमचे सर गॅमा प्रोसेस, वायबुल वगैरे झिजण्याची नि आयुष्याची गणितं करायला सांगतात, आणि मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझे मामा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बेअरिंग सांगतात. मामा म्हणतात पुस्तकातलं काही चालत नाही. मी गोंधळलोय.

उत्तर : अरे गोंधळू नकोस, मामांचा कान आणि तुझ्या सरांची गॅमा प्रोसेस एकच काम करतायत. तू ज्या कॉलेजात आहेस त्याचं मूळ १८९० चं कलाभवन, सयाजीराव महाराजांनी काढलेलं, तिथे रंगकाम, सुतारकाम आणि शास्त्र एकाच छपराखाली शिकवायचे, तेव्हा हा वाद तुझ्या इमारतीत तरी शोभत नाही.

गॅमा प्रोसेसमध्ये घाबरण्यासारखं काही नाही. ती एवढंच म्हणते की झीज फक्त पुढे जाते, मागे येत नाही, आणि दर महिन्याला किती पुढे जाईल ते थोडं लहरी असतं. टायर, ब्रेक लायनिंग, पाइपची भिंत, सगळं असंच. गाडीच्या टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटरवर छोटी रबरी पट्टी असते बघ, रस्ता तिथवर पोचला की टायर संपला, ती पट्टी म्हणजे तुझ्या प्रोजेक्टमधली फेल्युअर लेव्हल. पण शहाणा माणूस तिथवर थांबत नाही, पावसाळ्याआधी ३ मिलिमीटरलाच बदलतो, ती झाली प्रिव्हेंटिव्ह लेव्हल. ह्या दोन रेषांमधलं अंतर किती ठेवायचं आणि मधे किती वेळा बघायचं, एवढाच तुझा सगळा प्रोजेक्ट आहे. बाकी इंटिग्रेशन.

पाइपचं उदाहरण घे, बडोद्यात पाइपांना काय तोटा. समज २०१६ ला अल्ट्रासोनिकने भिंत मोजली ९.३ मिलिमीटर, २०२४ ला त्याच जागी ७.७. आठ वर्षांत १.६ गेली, म्हणजे वर्षाला ०.२. प्रेशर धरून किमान ५.५ हवी असेल तर हातात २.२ आहे, ११ वर्षं. मग पुढची तपासणी कधी? ११ वर्षांनी नक्कीच नाही, उरलेल्या आयुष्याच्या निम्म्याने, म्हणजे साडेपाच वर्षांनी, आणि पाइपमधला माल धोकादायक असेल तर ५ वर्षांच्या पुढे तरीही जायचं नाही. हा एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा) पाइपिंगचा नियम आहे. बघ त्यात काय गंमत आहे, जसजसं आयुष्य कमी उरतं तसतसं आपोआप जास्त वेळा बघायला लागतं. म्हाताऱ्या माणसाला डॉक्टर लवकर लवकर बोलावतो तसंच.

वायबुल म्हणजे पार्ट किती महिने टिकले त्या आकड्यांवर बसवायची एक वक्ररेषा, तिच्या आकाराचा एक आकडा असतो, बीटा. १ पेक्षा जास्त आला तर पार्ट वयाने थकतो, ठरवून बदलण्यात अर्थ आहे. १ च्या आसपास आला तर वयाशी संबंध नाही. १ पेक्षा कमी आला तर नवाच जास्त जातो, तिथे बदलणं म्हणजे दुखणं विकत घेणं. वर नंदेसरीच्या भाऊंचे सीलचे दहा आणि कार्डाचे पाच आकडे दिलेत, ते टाकून बघ, दोन वेगळी उत्तरं हाताने येतील. पाच आकड्यांवर फार जोर देऊ नकोस मात्र.

आणि एक वाचून ठेव. १९७८ ला युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप ह्या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी रिपोर्ट लिहिला, त्यात विमानांच्या पार्टांपैकी फक्त ११ टक्क्यांना वयाप्रमाणे थकण्याची खूण सापडली, ८९ टक्क्यांना ठराविक तासांनी बदलून काही फायदा नव्हता. हे वाचून काही पोरं लगेच म्हणतात की म्हणजे प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स बकवास. तसं नाही रे. ती विमानाची गुंतागुंतीची उपकरणं, शंभर पार्ट एकत्र. साधा पार्ट, जो घासतो, गंजतो, वाकून थकतो, त्याला वय असतंच. मामांच्या दुकानातले पट्टे, बेअरिंग, ब्रेक सगळे त्यातलेच.

मामांचा स्क्रूड्रायव्हर कधी चुकतो तेही सांगतो. बेअरिंगचा आवाज कानाला ऐकू येतो तोपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असते, तिथून मोडेपर्यंत कधी दोन महिने, कधी चार दिवस. व्हायब्रेशनच्या मीटरला तेच महिने आधी दिसतं. खुणेपासून मोडण्यापर्यंतचा जो काळ आहे त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त दिवसांनी तपासायला जाऊ नये असं साधं गणित आहे, म्हणून कानावर भरवसा असेल तर मामांना रोज फिरायला लागतं, आणि मीटर असेल तर महिन्यातून एकदा पुरतं. मामा रोज फिरतात म्हणूनच त्यांचं चालतं, हे त्यांना सांग, खूश होतील.

प्रोजेक्टला अजून एक वळण हवं असेल तर ट्रान्सफॉर्मर घे, बडोद्यात बनवणारे आणि दुरुस्त करणारे भरपूर आहेत, डेटा मिळेल. तेल खराब झालं की गाळून किंवा बदलून नव्यासारखं होतं, पण आतला कागद नव्हे. नव्या कागदाची डीपी (डिग्री ऑफ पॉलिमरायझेशन, म्हणजे कागदातल्या रेणूंच्या साखळ्यांची लांबी) हजारच्या आसपास असते, २०० च्या जवळ आली की तो हातात चुरा होतो, आणि तापमान साधारण ६ ते ८ अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होत जातं. म्हणजे एकाच पेटीत एक गोष्ट दुरुस्त होणारी आणि एक कधीच न होणारी. मेंटेनन्स केल्यावर मशिन "नवं" होतं असं मॉडेलमध्ये धरतात ना, ते किती खोटं असू शकतं हे ह्याच्यापेक्षा चांगलं कुठे दिसणार नाही.

प्रश्न : दादा, कारखान्याचं चालू द्या, घरचं सांगा. मांजलपूरला आम्ही राहतो, बोअरचं खारट पाणी आहे, गीझर तीन वर्षांत गळायला लागतो, हा आमचा दुसरा. आणि घरात असं अजून काय आहे जे गुपचूप झिजतं?

उत्तर : वहिनी, टाकीवाल्या गीझरच्या आत मॅग्नेशियमची एक दांडी असते, तिचं काम टाकीच्या ऐवजी स्वतः गंजणं. ती खाऊन संपली की मग पाणी टाकीला खायला लागतं. बोअरच्या पाण्यात ती लवकर संपते, तेव्हा वर्षातून एकदा काढून बघायची, बोटाएवढी जाड असते ती पेन्सिलीएवढी बारीक झाली की बदलायची. काही शेकड्यांत येते. सर्व्हिसवाला स्वतःहून सांगत नाही, मागून घ्या. त्याच वेळी कॉइलवरचा क्षार पण काढून घ्या.

दुसरं म्हणजे गॅसची नळी. तिच्यावर तारीख छापलेली असते आणि ५ वर्षांत ती बदलायची असते, मग बाहेरून कितीही चांगली दिसो, रबर आतून कडक होतं. हे लिहिता लिहिता मी उठून आमच्या ओट्याखाली टॉर्च मारून बघितलं, २०१८ ची आहे. हिला अजून सांगितलेलं नाही, उद्या नवी आणतो, अंक घरी येईल तेव्हा कळेलच.